दुपारी एक ते पाच बंद

३ जानेवारी. रात्री ९.
ओफेलियाने नाताळात ही वही दिली. म्हणाली, मनात जे काही चालतं ते हिला सांग, मला सारखं सांगू नकोस. माझ्या मनात काही चालत नाही. पण वही कोरी राहिली तर बायको विचारणार, म्हणून लिहितो.
यंदाचा संकल्प एकच. घाबरायचं नाही. मंदी काय, येते नि जाते. माझ्या एकतीस वर्षांच्या दुकानदारीत पाच वेळा आली, पाच वेळा गेली. दुकान चौकाच्या कोपऱ्यावर तिथेच आहे. ‘लुना : शाळेचे पांढरे डगले’. ला बांदा गावातलं प्रत्येक पोर घरच्या कपड्यांवर पांढरा डगला चढवून शाळेत जातं, आणि त्यातले निम्मे डगले माझ्याकडचे असतात. शाळा मार्चच्या पहिल्या आठवड्यात उघडते. म्हणजे फेब्रुवारी हाच सीझन. सीझन झाला की वर्ष निघालं.
आज गिऱ्हाईक : एक. दोन बटणं घेऊन गेली.

४ जानेवारी.
डावी पापणी फडफडते आहे. उकाड्याने. जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा.

८ जानेवारी. संध्याकाळी.
आमच्या रांगेतलं तिसरं शटर कायमचं खाली आलं. आधी चपलावाला, मग खेळणीवाला, आज चष्मेवाला. तो शटर ओढत होता तेव्हा मी दारात उभा होतो. म्हणाला, बघतोस काय एवारिस्तो, जरा हात लाव, गंजलंय. लावला. शटर फार जड होतं.
समोरच्या हादादचं कापडाचं दुकान आजोबांपासूनचं. त्याच्या मते मंदीत हातपाय पोटाशी घेऊन बसायचं, जो हलला तो मेला. पटलं. घरी येऊन ओफेलियाला सांगितलं. ती म्हणाली, आणि जो हलतच नाही त्याला लोक काय समजतात, म्हाताऱ्या?
बाईला धंद्यातलं कळत नाही.

१५ जानेवारी.
जागेच्या मालकीणबाई आल्या होत्या, आल्बारासिन. करार ३१ मार्चला संपतो. पुढची तीन वर्षं घेणार असलात तर १५ मार्चपर्यंत सही करा, कारण एक औषधांची कंपनी हीच जागा मागतेय. तुमच्याशिवाय हा कोपरा मला डोळ्यांसमोर आणवत नाही हो, असंही म्हणाल्या, आणि तेवढ्यात छताची उंची बघून घेतली.
नेलिदाने त्यांना थंड पाणी दिलं. नेलिदा माझ्याकडे सव्वीस वर्षं आहे. पोराकडे एक नजर टाकते आणि माप सांगते, टेप लागत नाही. बाई गेल्यावर तिने विचारलं, मालक, आपण सही करणार ना? म्हटलं, हा काय प्रश्न झाला? मग मागच्या खोलीत जाऊन मी डगल्यांचे गठ्ठे सरळ केले. ते सरळच होते.
गोष्ट अगदी सोपी आहे. सहाशे डगले पडून आहेत. शाळा उघडेपर्यंत चारशे गेले तर सही. नाही गेले तर.
जातील.

१७ जानेवारी. दुपारी २.४०.
सिएस्ता. एक ते पाच अख्खं गाव झोपतं, कुत्रीसुद्धा. मीही झोपलो आहे. पंखा कुरकुरतो म्हणून फक्त वही घेतली. ओफेलिया भिंतीकडे तोंड करून गाढ.

२० जानेवारी. रविवार.
माझी भाची मिकाएला कोर्दोबाहून जेवायला आली. वेबसाइटी बनवते. खिम्याची चौथी एम्पानादा खाता खाता म्हणाली, मामा, दुकान ऑनलाइन कर. मी म्हटलं, मंदीत? ती म्हणाली, मंदीतच. लोकांच्या खिशात कमी असलं की ते बाजारात हिंडत नाहीत, घरी बसून भाव बघतात. बरे दिवस आले की सगळेच ऑनलाइन येतील, मग त्या गर्दीत तुला कोण विचारतंय?
मी हादादचं मत सांगितलं. ती म्हणाली, हादादकाकांच्या दुकानात शेवटचं गिऱ्हाईक कधी बघितलंस? मी म्हटलं, प्रश्न तो नाही. पण प्रश्न कोणता, ते तेवढ्यात आठवलं नाही.
रात्रभर विचार करायची गरज पडली नाही. धाडसी माणूस पटकन ठरवतो. दुकानाच्या नव्या एसीसाठी पैसे बाजूला ठेवले आहेत. अर्धे वेबसाइटला. अर्धे हादादच्या सल्ल्याप्रमाणे हलवायचे नाहीत. दोन्ही बाजूंचं ऐकणारा दुकानदार या गावात मी एकटाच असेन.

२६ जानेवारी.
मिकाएलाने फॉर्म पाठवला. त्यात एक रकाना होता, दुकानाची वेळ. मी लिहिलं, सकाळी ९ ते १ आणि संध्याकाळी ५ ते ९. तिचा फोन आला. मामा, ही वेळ खऱ्या दुकानाची. वेबसाइट चोवीस तास चालते. मी म्हटलं, माझी नाही चालणार. ती म्हणाली, मामा, ते मशीन आहे, त्याला झोप लागत नाही. मी म्हटलं, मला लागते.
तिने समजावलं, मी समजावलं. एकतीस वर्षांत मी सिएस्तात कुणाला सुई विकली नाही, माझ्या बापानेही नाही. सिएस्तात कुणाचं दार वाजवायचं नसतं, तसंच आपलं वाजू द्यायचं नसतं. खरं कारण तिला सांगितलं नाही, इथे लिहितो. मी आडवा पडलेला असताना कुणी अनोळखी माणूस मेंदोसाहून नाहीतर आणखी कुठून येऊन माझ्या मालाला हात लावतोय, पैसे देतोय, चुकीचं काहीतरी मागतोय, आणि मी तिथे नाही, या विचाराने अंगाला घाम सुटतो.
शेवटी ती म्हणाली, ठीक आहे, एक ते पाच बंद ठेवते, पण तू पस्तावशील. तरुण माणसांना बोलायला आवडतं.

३० जानेवारी.
न हलवायचे पैसे थोडे हलवले. पेंटर बोलावून शटरवर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहून घेतलं : आम्ही ऑनलाइन नेहमी उघडे. शटर खाली असलं की पूर्ण वाचता येतं. म्हणजे एक ते पाच.
ओफेलिया रस्त्याच्या पलीकडे उभी राहून बराच वेळ ते वाचत होती. मी विचारलं, कसं वाटतं? म्हणाली, रंग छान आहे.

४ फेब्रुवारी. रात्री.
वेबसाइट सुरू. नेलिदाने सगळ्यांसाठी चिपाकोचे पाव आणले. मालाची नावं मीच दिली, जशी आम्ही दुकानात म्हणतो तशी. पहिलीचा बारीक, तिसरीचा जाड, पाचवीचा एकदम उंच झालेला. मुलींचा मागे बटणं, मुलांचा पुढे. नेलिदा म्हणाली, मालक, हे आपल्याला कळतं, बाकीच्यांना कळेल का? म्हटलं, जाड पोर कुठल्याही गावात जाडच असतं.
दुपारी १ वाजता फोनवर बघितलं. बरोब्बर काळा पडदा आला. त्यावर लिहिलं होतं, दुकान बंद आहे, संध्याकाळी पाचला या. जीव थंडावला.

११ फेब्रुवारी.
मिकाएलाने आठवड्याचे आकडे पाठवले. दोनशे बारा माणसं आली. दोनशे बारा. ओफेलियाला दोनदा वाचून दाखवले. ऑर्डर शून्य, पण ते हळूहळू होतं. मग मिकाएलाने दुसरी ओळ पाठवली. दोनशे बारांपैकी एकशे सत्त्याऐंशी माणसं एक ते पाचमध्ये आली होती. काळा पडदा बघून गेली.
मी उत्तर दिलं, म्हणजे पाचनंतर परत येतील.
दुकानात आज चार डगले गेले. मागच्या वर्षी याच तारखेला दारात रांग होती, नेलिदाला पाणी प्यायला फुरसत नव्हती. आज तिने काचा पुसल्या. दुपारपर्यंत तीन वेळा.

१३ फेब्रुवारी. दुपारी ३.०५.
झोप छान चालू आहे. पंख्याची एक फेरी आणि एक कुरकुर. मोजायचं सोडून दिलं, कारण मोजता मोजता डगल्यांवर येतो. उद्यापासून जेवणात कांदा कमी.

१४ फेब्रुवारी.
एक माणूस दुकानात आला, सूटमध्ये, या उन्हात. काही घेणार का, असं विचारलं तर नको म्हणाला, आणि खिशातून टेप काढून दाराची रुंदी मोजली. मग काउंटरपासून मागच्या भिंतीपर्यंत. मी जन्मभर माणसांना टेप लावली, माझ्या दुकानाला लावलेली पहिल्यांदाच बघितली. मला हलताच येईना. नेलिदा पुढे झाली. म्हणाली, काय हो, दुकान जिवंत आहे अजून, माप नंतर घ्या. तो सॉरी म्हणून गेला, पण आकडा लिहून घेऊन गेला.
मला भीती वाटली. हे एकदाच लिहून ठेवतो. खूप भीती वाटली.

१८ फेब्रुवारी. सायं. ६.
पहिला ऑनलाइन मेसेज. मेंदोसाची एक आई. काळ्या पडद्याखाली मेसेजची चौकट आहे, तिच्यातून शनिवारी दुपारी अडीचला पाठवला होता, वाचला आज. लिहिते, माझी मुलगी तिसरीत आहे पण ती जाड नाही, तुम्हाला असं लिहायला लाज कशी वाटत नाही? मी सभ्य भाषेत कळवलं, ताई, न बघता मी कुणाला जाड म्हणत नाही, मुलीला घेऊन दुकानात या. मेंदोसा इथून हजार किलोमीटर. उत्तर आलं नाही.
नेलिदाने हळूच विचारलं, मालक, दुपारी मी घरी जागीच असते. मेसेज माझ्या फोनवर येऊ देत का? मी बघीन. मी साफ नाही म्हटलं. सव्वीस वर्षं माझ्याकडे असलेल्या बाईला सिएस्तात कामाला लावलं असं गावात पसरलं तर मी तोंड कुठे दाखवू? ती म्हणाली, बरं. पण तिने पुन्हा काचेचा फडका उचलला.

२२ फेब्रुवारी.
हादाद बंद करतोय. सकाळी त्याने काचेवर कागद लावला, सगळं निम्म्या किमतीत. मी रस्ता ओलांडून गेलो. तो स्टुलावर बसला होता. म्हटलं, तू तर हलणार नव्हतास. म्हणाला, मी नाहीच हललो, एवारिस्तो. माझ्या खालची जमीन हलली. मग मला टेबलक्लॉथचं कापड द्यायला लागला, फुकट. मी घेतलं नाही. घ्यायला हवं होतं, त्याला बरं वाटलं असतं.
त्याचं बंद होणं माझ्या फायद्याचं आहे. त्याची गिऱ्हाइकं माझ्याकडे येतील. ती कापड घेणारी आहेत हे खरं.

२५ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.१०.
शटर उघडत होतो. कुरिअरची पिवळी गाडी आमच्या गल्लीत आली. आधी शाळामास्तरांच्या घरी एक खोकं, मग बेकरीवाल्याकडे, मग डॉक्टरीणबाईंकडे दोन. मास्तरांना विचारलं, काय आलं? म्हणाले, नातवासाठी डगला, रोसारियोहून मागवला. मास्तर ओशाळले. म्हणाले, अहो, तुमच्याकडेच घेणार होतो, दुपारी बसल्या बसल्या फोनवर बघितलं तर तुमचं बंद. रोसारियोवाल्याचं उघडं होतं. त्यात एक बटण दाबलं, झालं. पुढच्या वेळी नक्की.
पुढची वेळ म्हणजे पुढचं वर्ष.
उरलेले डगले : चारशे एक्क्याण्णव.

२७ फेब्रुवारी. दुपारी २.२०.
झोपलो आहे, असं लिहिणार होतो. तेवढ्यात भिंतीकडून उजेड दिसला. ओफेलिया फोन बघत होती. मला वाटायचं ती झोपते. विचारलं, कधीपासून जागी असतेस? म्हणाली, जानेवारीपासून. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तू झोपलास असं तुला वाटायचं, मग मी कशाला बोलू? रोज तुझा श्वास ऐकते. झोपलेल्या माणसाचा नसतो तो.
मग उठून बसली. म्हणाली, अख्ख्या गावात एकही माणूस झोपत नाही रे आता. सगळे अंधारात फोन घेऊन पडलेले असतात. फक्त तुझं दुकान झोपतं. ते उघड.
मी म्हटलं, विचार करतो. ती म्हणाली, तुझ्या विचाराचा आवाज मला पंख्यापेक्षा जास्त येतो.
तिला काय सांगू? पडद्याआड मी सुरक्षित आहे. पडदा उघडला आणि तरीही कुणी आलं नाही, तर मग काय म्हणायचं? आत्ता निदान म्हणता येतं, बंद होतं म्हणून आले नाहीत.
हे पान फाडायला हवं.

५ मार्च.
उद्या शाळा. दुकानात आज सत्तावीस डगले गेले, शेवटच्या दिवसाची घाई. नेलिदाच्या हातांना उसंत नव्हती. तिचा चेहरा फुलला होता. मला वाटलं, बघा, सीझन आलाच.
आला. एक दिवस.

९ मार्च.
मिकाएलाला फोन केला. म्हटलं, उघड. म्हणाली, काय उघडू? म्हटलं, एक ते पाच. मग म्हणाली, मामा, शाळा सुरू होऊन तीन दिवस झाले. म्हटलं, मला माहीत आहे, मी डगले विकतो.

११ मार्च. संध्याकाळी.
आयुष्यात पहिल्यांदा सिएस्तात कपडे घालून बसलो. जेवणाच्या टेबलाशी, फोन समोर. ओफेलियाने नळीने ओढायचा कडू चहा केला, आम्ही एकाच नळीने आळीपाळीने प्यायलो. २ वाजता एक माणूस वेबसाइटवर आला आणि गेला. २.४० ला तिघं. ३.१५ ला पारानाच्या बाईंची ऑर्डर, एक डगला. ओफेलियाने माझा हात धरला. ४ ला आणखी एक. पाचपर्यंत एकूण तीन.
तीन डगले. फेब्रुवारीत ही वेळ वीस दिवस उघडी असती तर, असा हिशेब डोक्यात सुरू झाला आणि मी तो तिथेच थांबवला. ओफेलियाने थांबवला नसावा, कारण ती उठून भांडी घासायला गेली आणि खूप वेळ घासत होती.

१५ मार्च.
आल्बारासिन बाई अकराला येणार होत्या. पावणेअकरालाच आल्या. कागद काउंटरवर ठेवला, पेन ठेवलं. पेन भारी होतं. मी म्हटलं, बाई, आठवडाभर द्या, आमचं ऑनलाइन आत्ताच चालायला लागलंय. त्या म्हणाल्या, एवारिस्तो, माझ्यासाठी एक आठवडा काहीच नाही, पण एका आठवड्यात तुमचं तरी काय बदलणार आहे? मी डगल्यांच्या गठ्ठ्यांकडे बघितलं. चारशे चाळीसच्या वर होते. पेन परत दिलं.
नेलिदा मागच्या खोलीतून बाहेर आली नाही.

३१ मार्च.
शटर मी एकट्यानेच ओढलं. आमचं गंजलेलं नव्हतं, पेंटरने तेल घातलं होतं. निळी अक्षरं पूर्ण वाचता आली.
नेलिदाला काहीतरी द्यायला हवं होतं, कायद्याने आणि कायद्याशिवायही. ती म्हणाली, मालक, तुमच्याकडे पैसे नाहीत हे मला तुमच्या आधी ठाऊक होतं. डगले द्या. मी म्हटलं, चारशे डगल्यांचं तू काय करणार? म्हणाली, वेबसाइटपण द्या. दिली. तिच्या घरी टेम्पो नेला. मी मागे गठ्ठ्यांवर बसलो होतो.
ठरवलं आहे, आता वर्षभर विश्रांती. मनसोक्त दुपारची झोप.

२२ एप्रिल.
झोप येत नाही.

१६ मे. दुपारी १.४५. नेलिदाचं स्वयंपाकघर.
मी इथे सल्लागार आहे. हा शब्द माझा. नेलिदा नुसतंच, या ना बसायला, असं म्हणाली होती. मग बसल्यावर म्हणाली, एक ते पाच मेसेज फार येतात हो मालक, आणि तेव्हाच मला शिवायला वेळ असतो, तेवढे बघाल का? तिने सगळ्या मालाची नावं बदलली आहेत. वय, उंची, छाती. साधे आकडे. मे आला तशी थंडी पडली, पोरांनी आतून स्वेटर घातले, डगल्यांची बटणं लागेनाशी झाली. दरवर्षी मेमध्ये आया मोठा साइझ शोधतात. हे मला एकतीस वर्षं माहीत होतं. नेलिदाने ते वेबसाइटवर वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, एवढंच. आज सकाळपासून अकरा पार्सलं बांधली.
आत्ता तुकुमानच्या एका बाईंचा मेसेज आला. मुलगा नऊ वर्षांचा, पोट जरा पुढे आहे, कुठला घेऊ? मी मनात म्हटलं, तिसरीचा जाड, आणि लिहिलं, चौदा नंबर, बाह्या दोन बोटं दुमडा. बाईंना आवडलं. लिहितात, तुम्हाला बरंच कळतं हो. परवा आम्ही ला बांदाला येतोय, त्याला मापालाच घेऊन येते. दुकान कुठे आहे तुमचं?
चौकाच्या कोपऱ्यावर, असं लिहिलं. पुसलं. चौकाच्या कोपऱ्यावर होतं, असं लिहिलं. तेही पुसलं. पाणी मागितलं. नेलिदाने मशीन थांबवून पाणी दिलं आणि फोनकडे बघितलं. म्हणाली, मालक, बाई थांबल्यात. फार वेळ लावला की जातात.
दुकान नाही, ताई. असं लिहिलं आणि पाठवलं.
त्यांचं उत्तर लगेच आलं. बरं, मग पार्सलच करा.